खालून वर

ऑक्टोबरची फळछाटणी उरकली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत पहाटेपासून ब्लोअरचा आवाज सुरू होतो. डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणी थांबत नाही. पाऊस झाला, धुकं पडलं तर दिवसाआड, कधी रोजसुद्धा. या धावपळीत सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे आणि ब्लोअरच्या पंपाकडे असतं. स्टेअरिंगकडे कोणी बघत नाही, कारण ते एकदम बंद पडत नाही. इंजिन बंद पडलं की ओळीतच उभं राहतं आणि सगळं घर गोळा होतं. स्टेअरिंग रोज नखाएवढं सैल होत जातं आणि चालवणाऱ्याचे हात रोज त्या सैलपणाला सरावत जातात.

एका बागेतला ड्रायव्हर मला कौतुकाने म्हणाला, “दादा, स्टेअरिंग आता एकदम हलकं झालंय बघा. नवीन होतं तेव्हा खांदे भरून यायचे.” मी सीटवर बसलो आणि उभ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग हळूच फिरवलं. जवळजवळ पाव फेरा फिरलं तरी पुढचं चाक जागचं हललं नव्हतं. ते स्टेअरिंग हलकं नव्हतं, मधल्या पाव फेऱ्यात ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली लावून तो मुलगा आठवड्यातून दोनदा हायवे ओलांडून बाजार समितीत जात होता.

पंधरा-वीस हॉर्सपॉवरच्या मिनी ट्रॅक्टरची गोष्ट मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा थोडी वेगळी आहे. नांगरणीचा मोठा ट्रॅक्टर लांब तास घेतो आणि बांधावर कधीतरी वळतो. बागेतला ट्रॅक्टर मात्र वळण्यासाठीच जन्माला आल्यासारखा वळत असतो. साधा हिशोब करून पाहा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. ओळींत 9 फुटांचं अंतर असेल तर एकरात 4,840 फूट लांबीच्या ओळी बसतात. ओळ 200 फुटांची धरली तर 24 ओळी, म्हणजे एका फवारणीत एकरी 24 वळणं. बाग 3 एकराची असेल आणि वर्षात 60 फवारण्या धरल्या, तर 4,000हून जास्त वेळा स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरतं. तेही बहुतेक वेळा ट्रॅक्टर जवळजवळ उभा असताना, कारण बांधावर जागाच नसते. उभ्या ट्रॅक्टरचं चाक जमिनीवर घासत फिरवताना सांध्यांवर जेवढा ताण येतो, तेवढा चालत्या ट्रॅक्टरवर कधीच येत नाही. म्हणून बागेतल्या मिनी ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगचं वय तासांच्या मीटरवर मोजू नये, ते वळणांवर मोजावं.

त्यात भर फवारणीच्या औषधांची. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंड खातं. गंधकाची भुकटी ग्रीसमध्ये मिसळून चिकट लेप होतो. फवारणी झाली की ट्रॅक्टर प्रेशरच्या पाण्याने धुतला जातो आणि ते पाणी रबरी टोपणांच्या कडेतून थेट सांध्यात शिरतं. धुणं गरजेचं आहे, नाहीतर औषध सगळा पत्रा खाईल. पण धुतल्यावर ग्रीस मारायचं असतं, आणि तेवढंच नेमकं राहून जातं.

एका मिलिमीटरचं काय होतं

स्टेअरिंग व्हीलपासून पुढच्या चाकापर्यंत बरेच सांधे लागतात. व्हीलखालचा शाफ्ट गिअरच्या एका पेटीत उतरतो. ‘स्टेअरिंग बॉक्स’ म्हणतात तो हाच. बॉक्समधून बाहेर आलेला आखूड, जाड हात म्हणजे ड्रॉप आर्म. तो पुढे-मागे हलतो. त्याला जोडलेली लांब दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. ती एका चाकाच्या वरच्या आर्मला ओढते-ढकलते, आणि दोन्ही चाकं एकमेकांशी टाय रॉडने बांधलेली असतात. काही मॉडेलांत दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र ड्रॅग लिंक असतात. प्रत्येक दांडीच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आणि चाक ज्याच्याभोवती डावी-उजवीकडे फिरतं तो उभा दांडा, गॅरेजात ज्याला किंगपिन म्हणतात, एक्सलच्या टोकाच्या नळीत बुशांमध्ये बसलेला असतो.

यातल्या प्रत्येक जागी थोडी झीज होते. ती सगळी झीज एकत्र होऊन हातात येते आणि हातात येताना कितीतरी मोठी होऊन येते. समजा ड्रॉप आर्म 15 सेंटिमीटर लांब आहे, बॉक्सचं प्रमाण 16 ला 1 आहे, म्हणजे व्हील 16 अंश फिरलं की आर्म 1 अंश हलतो, आणि व्हीलची त्रिज्या 19 सेंटिमीटर आहे. अशा ट्रॅक्टरच्या एका बॉल जॉइंटमध्ये फक्त 1 मिलिमीटरची चाल आली, तर व्हीलच्या कडेवर ती जवळजवळ 20 मिलिमीटर दिसते. अशा तीन सांध्यांत मिलिमीटर-मिलिमीटर झिजलं की व्हीलवर 6 सेंटिमीटरचा पोकळपणा आला. बहुतेक लहान ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत व्हीलच्या कडेवर साधारण 20 ते 50 मिलिमीटर प्ले, म्हणजे असा पोकळपणा, चालतो असं सांगितलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा. पण प्ले याच्यापुढे गेला की कुठेतरी मिलिमीटर सुटलेले आहेत, हे नक्की समजावं.

इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. प्ले व्हीलवर दिसतो म्हणून माणूस व्हीलजवळचाच भाग दुरुस्त करायला जातो. स्टेअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, त्याला चेक नट असतो. नट सैल करायचा, स्क्रू पिळायचा, आणि काय आश्चर्य, स्टेअरिंग घट्ट झालं! दोन मिनिटांचं काम. पण झीज होती खाली बॉल जॉइंटमध्ये. ती तिथेच राहिली आणि वर बॉक्समधले दाते विनाकारण एकमेकांवर दाबले गेले. महिन्या-दोन महिन्यांत बॉक्सही गेला. बॉल जॉइंट हा साखळीतला स्वस्त भाग आहे, बॉक्स सगळ्यात महाग. स्वस्त भाग वाचवायला महाग भाग खर्ची घालणं मला बघवत नाही. म्हणून या प्रकरणाचा एकच नियम धरून ठेवा: काम चाकापासून सुरू करा आणि वर व्हीलकडे या. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी.

तळहाताची परीक्षा

सांधा झिजलाय हे ओळखायला यंत्र लागत नाही. एक माणूस सीटवर बसवा, इंजिन बंद. ट्रॅक्टर सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, पुढची चाकं जमिनीवर. सीटवरच्याला सांगा, व्हील डावी-उजवीकडे हलकेच हलवत राहा, पूर्ण फिरवू नकोस. तुम्ही खाली बसून एकेका सांध्यावर तळहात ठेवत जा. हाताची बोटं एका भागावर आणि तळवा दुसऱ्या भागावर, म्हणजे अर्धा हात दांडीवर आणि अर्धा आर्मवर. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकदम हलतात. झिजलेल्या सांध्यात एक भाग आधी हलतो, मग बारीकसा ‘टक्’ जाणवतो, मग दुसरा हलतो. तो टक् कानाला ऐकू येण्याआधी हाताला कळतो. डोळ्यांवर इथे विसंबू नका. ग्रीस-मातीच्या थराखाली अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, तळहाताला मात्र सापडतो.

नंतर पुढचा भाग उचला. जॅक एक्सलच्या मध्याखाली लावा आणि उचलल्यावर खाली भक्कम लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली हात-पाय घालायचा नाही. जॅकचं सील सुटायला क्षण पुरतो. आता चाक वर-खाली धरा, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी, आणि आत-बाहेर हलवा. हललं तर दोष किंगपिनच्या बुशमध्ये आहे किंवा हबच्या बेअरिंगमध्ये. मग 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा. इथे हललं तर टाय रॉडचे सांधे.

बुश की बेअरिंग हे कसं ओळखायचं? कार दुरुस्त करणारे मिस्त्री सांगतात, कोणाला तरी ब्रेक दाबायला लाव, चाक तरीही हललं तर किंगपिन, थांबलं तर बेअरिंग. ही युक्ती टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला लागू होत नाही, कारण त्याच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नसतात. इथे परत बोटच कामाला येतं. एक्सलच्या नळीची खालची कड आणि स्टब एक्सल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा, यांच्या फटीवर बोट ठेवा आणि चाक हलवायला सांगा. फट उघडमीट झाली तर बुश गेलेत. फट स्थिर राहून चाक तेवढं हललं तर हबचं बेअरिंग सैल झालंय. मधली पिव्हट पिन, जिच्यावर अख्खा एक्सल झोके घेतो, तीही याच वेळी तपासा. एक्सल मध्यावर धरून पुढे-मागे ढकला. तिथली चाल व्हीलवर थेट जाणवत नाही, पण खड्ड्यातून जाताना ट्रॅक्टर नाक मुरडल्यासारखा करतो तो बहुधा तिच्यामुळे.

टायरही बोलतं. पुढच्या टायरच्या कड्यांवरून तळहात एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर चाकं एकमेकांना समांतर चालत नाहीत, वाकडी घसटत चालली आहेत.

बॉल जॉइंट बदलताना

बॉल जॉइंट म्हणजे लोखंडी वाटीत बसलेली गोळी. गोळीच्या दांड्याला निमुळता आकार असतो, तो आर्मच्या निमुळत्या भोकात रुततो आणि वरून कंगोऱ्यांचा नट कसून त्यात कॉटर पिन घालतात. गोळी-वाटीची झीज एकदा झाली की ती भरून येत नाही. ग्रीस मारून काही दिवस चाल कमी वाटेल, पण ते ग्रीस पोकळी भरतं, लोखंड नाही. झिजलेला जॉइंट बदलायचाच असतो.

आदल्या संध्याकाळी नटावर गंज सोडवणारं तेल किंवा नाहीच मिळालं तर डिझेल सोडून ठेवा. सकाळी कॉटर पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे सांधा सुटताना दांडी अंगावर येत नाही. आता निमुळतं सांधणं सोडवायचं. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर आर्मच्या भोकाच्या एका अंगाला जड हातोडा टेकवून धरा आणि विरुद्ध अंगाला दुसऱ्या हातोड्याने एकदोन खणखणीत ठोके द्या. ठोका आर्मच्या कडीवर, बॉल जॉइंटच्या आट्यांवर नाही. कडी क्षणभर दबते आणि रुतलेला दांडा सुटतो. हळू हळू पन्नास ठोके मारण्यापेक्षा नीट टेकू लावून दिलेले दोन ठोके बरे.

दांडीतून जॉइंट काढायच्या आधी चेक नट कुठे आहे तिथे खूण करा आणि जॉइंट उघडताना फेरे मोजा. साडेचौदा फेऱ्यांत निघाला तर नवा साडेचौदा फेऱ्यांत बसवा. कागदावर लिहून ठेवा, मनात ठेवू नका, कारण मध्येच फोन येतो. टाय रॉडच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात. त्यामुळेच दांडी जागेवर फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. हे ठाऊक नसेल तर माणूस जॉइंट सोडवतोय असं समजून कसत बसतो आणि आटे घालवतो. नवा जॉइंट घ्यायला जाताना जुना सोबत न्या आणि दुकानातच आटे व निमुळता दांडा शेजारी ठेवून बघा.

नवा बसवताना आर्मचं निमुळतं भोक कापडाने कोरडं पुसा. तिथे ग्रीस लावायचं नाही. निमुळतं सांधणं कोरडंच रुतलं पाहिजे, घसरलं तर दांडा भोकात फिरून भोक लांबट होतं. भोक आधीच लांबट झालं असेल तर नवा जॉइंटही टिकणार नाही, आर्म बदला. नट ठरलेल्या जोराने कसल्यावर कॉटर पिनचं भोक कंगोऱ्याशी जुळलं नाही तर नट आणखी कसून पुढचा कंगोरा जुळवायचा, मागे सैल करून कधीच नाही. मग नवी कॉटर पिन घालून तिच्या शेपट्या दोन्ही अंगांना वळवा.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तालुक्याच्या ठिकाणी कुठलाही लोखंडी भाग ‘भरून’ मिळतो. वेल्डिंगने धातू चढवतात आणि लेथवर टर्न करून देतात. ट्रॉलीच्या पिनेला, नांगराच्या फाळाला ही विद्या अगदी उपयोगी आहे. बॉल जॉइंट, ड्रॉप आर्म, किंगपिन आणि स्टब एक्सल यांना मात्र वेल्डिंग नको. हे भाग उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण आणि चिवट केलेले असतात. वेल्डिंगच्या आचेने त्या जागेचा चिवटपणा जातो आणि भाग वेल्डच्या शेजारी तडकतो. टाय रॉड रस्त्यावर तुटला तर एक चाक डावीकडे आणि एक उजवीकडे जातं. मग ब्रेक कितीही चांगले असले तरी ट्रॅक्टर तुमच्या हातात राहत नाही.

बुश, आणि ग्रीसचं भोक

किंगपिनचे बुश हे सगळ्यात कष्टाचं काम. मिनी ट्रॅक्टरचं वजन 800 किलोच्या आसपास धरा. त्यातला साधारण 40 टक्के भार पुढे, म्हणजे प्रत्येक पुढच्या चाकावर दीडशेएक किलो. हा भार सरळ खाली येत नाही. चाक किंगपिनच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे तो दांड्याला पिळतो. म्हणून खालचा बुश वरच्यापेक्षा लवकर झिजतो, आणि तो चिखलाच्याही जवळ असतो. अख्खं वजन ज्याच्यावर टेकतं ते थ्रस्ट बेअरिंग किंवा वॉशर त्याच्याच शेजारी. बुश बदलताना तेही बदला.

चाक काढा, वरचा आर्म सोडवण्याआधी दांड्यावर आणि आर्मवर पंचने एक-एक ठिपका मारा, म्हणजे परत त्याच खाच्यात बसेल. किंगपिन खाली ओढून घ्या आणि डिझेलने धुवा. आता अंगठ्याचं नख दांड्यावरून वरून खाली आणा. बुशच्या कडेपाशी नख अडखळलं तर दांड्यावर पायरी पडली आहे. अशा दांड्यावर नवे बुश घालणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवी बटणं लावणं. दांडाही बदला.

जुने बुश पायरीच्या पंचने ठोकून काढतात, नवे लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून आतून रीमर फिरवून घेणं चांगलं. ठोकून बसवलेला बुश आतून किंचित आवळतो, मग किंगपिन जात नाही आणि लोक घासकागदाने आतून घासतात. ते गोल राहत नाही. तेल लावलेला किंगपिन हाताने फिरला पाहिजे, पण आडवा हलता कामा नये.

इथे माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो. एका गॅरेजात आमच्या ट्रॅक्टरचे दोन्ही बाजूंचे बुश बदलले. काम स्वच्छ होतं, स्टेअरिंग घट्ट झालं. आम्ही दर आठवड्याला ग्रीस मारत होतो, तरी वर्ष पुरं व्हायच्या आत डावीकडचा बुश परत गेला. उघडून पाहिलं तर बुशचं ग्रीसचं भोक नळीवरच्या निपलच्या भोकाशी जुळवलेलंच नव्हतं. ग्रीस बुशच्या पाठीवर अडत होतं, आणि आम्हाला गन जड लागायची तेव्हा वाटायचं, आत पूर्ण भरलंय! त्या दिवसापासून मी बुश बसवल्यावर किंगपिन घालण्याआधी गन लावून दोन ठोके मारतो आणि नळीत डोकावून बघतो. ग्रीसची अळी बुशच्या आतल्या भोकातून बाहेर पडताना दिसली की मगच पुढचं काम.

हबची बेअरिंगं याच वेळी भरून घ्यावीत. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढा, वरच्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवा, परत दाबा. वरवर लेप लावलेलं बेअरिंग आत कोरडंच राहतं. बसवल्यावर चाक फिरवत फिरवत नट कसा, चाक जड झालं की एक कंगोरा मागे घ्या आणि पिन घाला. चाक मोकळं फिरावं, पण 12-6 धरून हलवलं तर चाल लागू नये.

दोन चाकांमधलं नातं

जॉइंट बदलला की टाय रॉडची लांबी थोडी तरी बदलते, म्हणून चाकांची दिशा परत बसवावी लागते. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाकं स्वतः ओढत नाहीत, ढकलली जातात. चालताना जमिनीचा विरोध त्यांना बाहेर फाकवतो. म्हणून उभ्या ट्रॅक्टरची चाकं पुढच्या अंगाला किंचित जवळ ठेवतात, म्हणजे चालताना ती समांतर होतात. यालाच टो-इन म्हणतात. बहुतेक लहान ट्रॅक्टरांना तो 2 ते 8 मिलिमीटरच्या दरम्यान असतो.

मोजायला टेप, खडू आणि दोन माणसं पुरतात. चाकं सरळ करा. हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूला, दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूने खूण करा आणि अंतर मोजा. आता ट्रॅक्टर हळू पुढे ढकला, चाक बरोबर अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागच्या बाजूला, त्याच उंचीवर येतील इतका. परत मोजा. मागचं अंतर पुढच्यापेक्षा जेवढं जास्त तेवढा टो-इन. त्याच खुणा वापरायच्या, कारण रिम थोडी वाकलेली असली तरी मग चूक होत नाही. ओळींच्या अंतरासाठी पुढच्या एक्सलची रुंदी कमी-जास्त केली असेल तर टाय रॉडची लांबीही तेवढीच बदलायला हवी. हे विसरलेले कितीतरी ट्रॅक्टर मी फेंगडी चाकं घेऊन चालताना पाहिले आहेत.

वळताना मात्र चाकं समांतर असून चालत नाही. आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या, म्हणून आतलं जास्त वळावं लागतं. ही युक्ती ट्रॅक्टरपेक्षा जुनी, घोडागाडीच्या काळातली आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पर्गर या गाडी बनवणाऱ्याने ती 1817 च्या सुमाराला शोधली आणि लंडनमधले प्रकाशक रुडॉल्फ ॲकरमन यांनी 1818 मध्ये तिचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. नाव ॲकरमनचंच राहिलं. चाकांच्या आर्मना जो तिरपा कोन दिलेला असतो, तो याच हिशोबाने. म्हणून बांधावर ताणाच्या तारेत किंवा दगडात अडकून आर्म किंवा टाय रॉड वाकला तर तो ठोकून ‘अंदाजे सरळ’ करू नका. सरळ रस्त्यावर ठीक वाटेल, पण प्रत्येक वळणावर एक चाक घसटत जाईल आणि वर्षात 4,000 वळणं आहेत.

एवढं झाल्यावर परत व्हीलचा प्ले बघा. बहुतेक वेळा तो मर्यादेत आलेला असतो आणि बॉक्सला हात लावावाच लागत नाही. तरीही जास्त असेल, तर ड्रॅग लिंक सोडवून, चाकं सरळ असतात त्या मधल्या स्थितीतच स्क्रू थोडा थोडा घ्या. बॉक्सचे दाते मध्यावर मुद्दाम थोडे घट्ट कापलेले असतात. व्हील एका टोकाला असताना घट्ट केलं तर मध्यावर आल्यावर ते अडकेल. बॉक्समधलं तेल पुस्तिकेत सांगितलेलं गिअर ऑइल, बहुधा 90 नंबरचं. ते कमी होत असेल तर खालचं सील बदला, तेलाऐवजी ग्रीस कोंबू नका. ग्रीस बॉक्समध्ये बाजूला होऊन बसतं, परत दात्यांवर येत नाही.

पॉवर स्टेअरिंगच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना बॉक्स, ड्रॉप आर्म नसतात, तेल सिलिंडरला ढकलतं. तिथे स्टेअरिंग झटके देत असेल तर आधी तेलाची पातळी, होजचे सांधे आणि आत गेलेली हवा बघा. पण टाय रॉडचे जॉइंट तिथेही असतात आणि तळहाताची परीक्षा तीच. फोर-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या एक्सलमध्ये गिअर आणि तेल असतं, ते काम घरी उघडू नये.

सांधे नवे असोत वा जुने, पुढच्या चाकांवर वजन नसेल तर कुठलंच स्टेअरिंग वळत नाही. मागे भरलेली टाकी लटकवली की पुढचा भाग हलका होतो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढे राहिला पाहिजे. चढावर व्हील फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जात असेल तर तो दोष सांध्याचा नाही, पुढे वजनं लावा.

ग्रीस म्हणाल तर चांगल्या प्रतीचं लिथियम ग्रीस, सर्वसाधारणपणे दर 50 तासांनी, चिखलात आणि फवारणीच्या दिवसांत दर 10 तासांनी, आणि प्रत्येक धुण्यानंतर. निपल आधी फडक्याने पुसायचा, नाहीतर गन त्यावरची माती आत ढकलते. सांध्याच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागे नवं स्वच्छ दिसेपर्यंत मारायचं. किंगपिनला ग्रीस मारताना पुढचा भाग उचललेला असेल तर थ्रस्ट बेअरिंगमध्येही ते नीट पोचतं. आपल्या आधीची पिढी लांबच्या गावाला निघण्यापूर्वी बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय बैल जुंपत नसे. वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असायचा. ग्रीस गनही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच असू द्या, घरच्या फळीवर नको.

सगळं बसवून झालं, पहिले 10 तास काम झालं की प्रत्येक नट आणि चेक नट एकदा परत कसून बघा. नवे भाग रुतताना थोडे सैल होतात. आणि कॉटर पिन दरवेळी नवी घ्या. जुनी पिन सरळ करून परत घालू नका. एकदा वळलेली तार दुसऱ्यांदा वळवली की वळणावरच तुटते.